कुझलुजाची धुराडी

१

सकाळी गाईची धार काढून झाली की झोहरे पत्र्याच्या बादलीत निखारे घ्यायची, किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवायची आणि शेजाऱ्यांच्या शेगड्या पेटवायला निघायची. शेजारी नव्हते. कुणी बुर्साला होतं, कुणी इस्तंबूलला, कुणी जर्मनीला, आणि बरेचसे मशिदीमागच्या उतारावर दगडाखाली. किल्ल्या तेवढ्या झोहरेकडे राहिल्या होत्या.

कुझलुजा हे गाव डोंगराच्या सावलीच्या अंगाला आहे. खाली केल्कित नदी वाहते. नदीपलीकडे, उन्हाच्या अंगाला, तालुक्याचं गाव. तिथं जर्दाळूला फूल येतं तेव्हा कुझलुजाच्या बाया अजून छपरावरचा बर्फ ओढत असतात. बाया ओढत असत, असं आता म्हणायला हवं. हे गाव एकदाच नाही, अनेकदा रिकामं झालं. गिरणीच्या भिंतीत ज्यांच्या ख्रिस्ती देवळाचे घडीव दगड बसवलेत ते लोक आधी गेले. कुठं गेले हे इथं कुणी विचारत नाही. मग एकोणीसशे एकोणचाळीसच्या भूकंपानं अर्धं गाव नेलं. उरलेलं जर्मनीच्या कारखान्यांनी नेलं. दर वेळी डोंगरावरचं जूनिपर आणि रानपेराचं रान थोडं खाली सरकलं. आता ते शेवटच्या घराच्या कुंपणाला टेकलं आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वी रस्तेखात्यानं नियम काढला. ज्या गावात निदान पाच धुराडी धूर सोडत नाहीत, त्या गावचा रस्ता बर्फातून मोकळा करायचा नाही. माणसं मोजायची तर चढ चढावा लागतो. धूर खालच्या वळणावरून, गाडीची काचही खाली न करता मोजता येतो. ज्या साहेबानं हा नियम केला त्याच्या खोलीच्या भिंतीतून गरम पाण्याचे नळ फिरवलेले असणार, आणि धुराडं त्यानं शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं असणार. या गावानं सैन्यात पोरं दिली, कारखान्यांना बाप दिले. आता रस्ता हवा असेल तर धूर दाखवा.

ठीक आहे, झोहरे म्हणाली, दाखवते धूर.

रस्ता बंद झाला तर काय होणार हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. मुलगा यावुझ येऊन तिला बुर्साला नेणार, सातव्या मजल्यावर. गाय विकली जाणार. एक हिवाळा तिनं तिथं काढला होता. खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसायच्या आणि सून दिवसातून पुन्हा पुन्हा विचारायची, "आई, कंटाळलात का?" तिथं मरण्याची तिला भीती नव्हती. तिथं आपण मेलो आहोत हे कुणाच्या लक्षात यायला वेळ लागेल, एवढंच तिच्या मनात यायचं.

म्हणून ती चार घरांत रोज धुराड्याची लोखंडी शेगडी पेटवायची. स्वतःचं पाचवं. दोन गोवऱ्या आडव्या-उभ्या, वर ओला पेंढा, आणि वारा जपून आत जावा म्हणून शेगडीच्या तोंडाशी एक वीट. पांढरा दाट धूर दुपारपर्यंत टिकायचा. ही वीट तिनं स्वतःच्या डोक्यानं शोधली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. सांगायला कुणी नव्हतंही.

२

बर्फ ढकलणारी गाडी इद्रिस चालवायचा. चाळिशीचा, पोट सुटलेला, तालुक्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची औषधं आणि पीठ आपल्या गाडीतून वाटणारा. नियम त्याला पाठ होता आणि झोहरेची युक्तीही. त्या दिवशी तो वरपर्यंत आला, पिठाची गोणी उतरवली आणि शेगडीला पाय लावून बसला.

"मावशी, श्रीमंत झालीस का गं? आज सहा धुराडी."

"पाच."

"सहा. मी मोजली. गिरणीवाल्याचंही धुमसतंय."

"डोळे दाखव कुणाला तरी. तुझ्या बापालाही एकाची दोन दिसायची, पण तो निदान प्यायलेला असायचा."

इद्रिस हसला. चहाच्या पेल्यात साखरेचा खडा बुडवत म्हणाला, "बापावर जाऊ नकोस, त्याला तूच रानपेराची दारू द्यायचीस. खरं सांग, गिरणीत कुणाला ठेवलंस? म्हातारपणी लग्न-बिग्न?"

"करायचं असतं तर तुझ्यासारखा गाडीवाला केला असता. रस्ता तरी मोकळा राहिला असता."

तो गेला तेव्हा ती त्याच्यामागे मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत गेली. मशीद तिच्या घरासमोरच होती, आणि गावात फोन लागायचा तो फक्त त्या पायऱ्यांवर. तिथून सगळी छपरं दिसत.

केव्हाच वारलेल्या गिरणीवाल्या वेहबीच्या बंद घराच्या धुराड्यातून धूर येत होता, आणि ते घर तिच्या चारांत नव्हतं. तिच्या पेंढ्याचा पांढरा, जाडा धूर नव्हता तो. निळसर, बारीक, सरळ वर जाणारा. सुक्या ओकच्या लाकडाचा. घरात माणसं राहतात, सूप उकळतं, मोजे वाळतात, तेव्हा असा धूर निघतो.

३

तिच्या मनात पहिल्यांदा आले ते खजिना शोधणारे. या तालुक्यात ते दर वर्षी येतात. आधीच्या लोकांनी सोनं पुरून ठेवलंय असं कुणीतरी यांच्या डोक्यात भरवलेलं असतं. मग ही दाढीवाली माणसं यंत्र घेऊन येतात आणि थडगीसुद्धा उकरतात. झोहरेनं कुऱ्हाड घेतली. तिला भीती नव्हती, राग होता.

वेहबीच्या अंगणात बर्फ अखंड होता. कावळ्याच्या पायांची एक रांग कुंपणापासून निघून मध्येच संपली होती, बस. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर गोठलेल्या दवाची साय. तिनं ती नखानं खरवडली तेव्हा कुठं किल्ली आत गेली.

खोली होती तशीच. भिंतीवरचा गालिचा, लाकडी बैठक, वेहबीचा सैन्यातला फोटो. खिडकीत वाळलेल्या माश्या. तिनं शेगडीच्या लोखंडावर तळहात ठेवला आणि काढून घेतला. गरम होतं.

आत ओकचे निखारे होते, नीट ओढून एकत्र केलेले. भिंतीशी केरसुणी उभी होती. जमीन झाडलेली होती.

खजिनेवाले जमीन झाडत नाहीत.

ती बैठकीच्या कडेला टेकली आणि एकेक गोष्ट विचारून पाहू लागली. कुलूप बाहेरून. किल्ली आपल्याकडे. पाऊल नाही. म्हणजे पेटवलं ते आपणच. काल संध्याकाळी बर्फ पडायच्या आधी आलो असू, वेहबीच्या लाकूडखोलीतला ओक घेतला असेल, सवयीनं केर काढला असेल आणि विसरलो असू. होतं असं या वयात. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं. फक्त एक अडचण होती. वेहबीच्या ओकला तिनं कधी हात लावला नव्हता. ते लाकूड त्यानं मुलं परत येतील म्हणून रचून ठेवलं होतं, आणि दुसऱ्याचं लाकूड झोहरे घेत नसे.

बाहेर येऊन तिनं लाकूडखोलीत डोकावलं. रास एका कोपऱ्यातून, मिठीत मावेल एवढी, उतरली होती.

४

"यावुझ, वेहबीकाकाच्या घरचं कुणी आलं होतं का रे इकडं? तुझ्या कानावर?"

"वेहबीकाकाच्या घरचं राहिलंय कोण आई? धाकटा जर्मनीतच गेला, मागच्या वर्षी. तूच मला सांगितलंस."

"हो. सांगितलं होतं."

पायऱ्यांवर वारा होता. फोनमध्ये बुर्साच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"आई, का विचारलंस?"

"सहज."

"सहज कसं? काही दिसलं का तुला? काही विसरायला होतंय का? गेल्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?"

"डॉक्टर म्हणाला मीठ कमी खा. मीठ मी कमी खाते."

"तो आणखीही काही म्हणाला होता. हे बघ, एक खोली रिकामीच आहे. पोरं विचारतात आजी कधी येणार म्हणून. हट्ट कुणासाठी चाललाय तुझा? गाव आहे कुठं तिथं?"

सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. यावुझ, बंद घराची शेगडी गरम होती रे. पण हे वाक्य बोललं की दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन दारात. जगात एका माणसाला सांगण्यासारखी गोष्ट होती आणि त्या एकाच माणसाला ती सांगता येत नव्हती.

"मी इथंच बरी आहे," ती म्हणाली. हे वाक्य ती नेहमीच म्हणायची.

५

मग दुसरं धुराडं तिच्या आधी पेटलेलं दिसू लागलं. मग तिसरं. सकाळी ती बादली घेऊन बाहेर पडे तेव्हा चारही घरांवर धूर असे, आणि गिरणीवर. रस्ता मोकळा होत राहिला. गोवऱ्या वाचत होत्या. खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस झोहरेला बरंसुद्धा वाटलं. कुणीतरी उठतं आहे, आपल्याआधी उठतं आहे, हे अंथरुणात पडल्या पडल्या ठाऊक असणं काय असतं हे ती विसरून गेली होती.

तरी ती प्रत्येक घरात जायची. दारात उभी राहून हाक द्यायची, "कुणी आहे का?" गावची रीतच ती, आतल्या बायकांना डोक्यावर रुमाल ओढायला वेळ मिळावा म्हणून. रिकाम्या घरांतही दोन हिवाळे ती ही हाक अर्धी थट्टेत देत आली होती. आता हाक देताना थट्टा राहिली नाही.

उत्तर येत नसे. पण शांततेत फरक पडला होता. रिकाम्या खोलीची शांतता झोहरेला चांगली ओळखीची होती. ती सैल असते, तिच्यात छपराची कुरकुर, उंदराची खुडबुड असते. ही शांतता आवळलेली होती. आतल्या खोलीत कुणी श्वास रोखून, अजिबात न हलता पडलेलं असावं, तशी. आतल्या खोलीचं दार ती लोटायची नाही. शेगडी बाहेरच्या खोलीत होती, काम तेवढंच होतं, असं स्वतःला सांगायची.

एक दिवस त्या चारांतल्या नाझमियेच्या घरात तिनं शेगडीचं झाकण उचलून पाहिलं. नाझमियेचं घर मशिदीला लागून, अगदी तिच्या खिडकीसमोर. आत ओक नव्हता. दोन गोवऱ्या आडव्या-उभ्या होत्या. वर ओला पेंढा. तोंडाशी वीट.

ही वीट झोहरेनं कुणालाच दाखवली नव्हती.

गिरणीत पहिल्या दिवशी ज्यानं कुणी पेटवलं होतं त्याला ऊब हवी होती. आता त्याला ऊब नको होती. आता फक्त या घरात कुणीतरी आहे असं दिसायला हवं होतं. कुणाला दिसायला? इद्रिसला पाच पुरे होती, आणि ती पाच झोहरे रोज दाखवतच होती. या गावात आणखी बघणारं एकच माणूस होतं.

ती घरी आली, दाराला आतून कडी घातली आणि थोड्या वेळानं कडी काढून टाकली. आपण कडी घातली तर आपल्याला भीती वाटते आहे हे खरं ठरेल, असं तिला वाटलं.

६

मग ताप आला. घसा आधी खवखवला, मग सुजला, मग आवाजच गेला. खोकला आला तरी नुसती हवा बाहेर पडे. आतल्या खोलीत दोन रजया घेऊन ती पडून राहिली. शेगडी विझली होती. उठून पेटवायला हवी, धुराडी मोजली जातील, असं मनात यायचं आणि ते मनातच राहायचं.

दिवस चांगला वर आला होता. खिडकीला थंडीसाठी ठोकलेलं प्लास्टिक उजळलं होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की गाय हंबरत नाहीये. धार काढली नाही तर ही गाय गाव डोक्यावर घेते. कास भरली असणार, दुखत असणार. पण गोठा शांत होता. धार काढून झाल्यावर असतो तसा.

बाहेरच्या खोलीचं दार उघडलं.

"कुणी आहे का?"

बाईचा आवाज. दमलेला, काहीसा थट्टेतला. उत्तराची वाट न पाहणारा.

मी आहे, असं झोहरेनं म्हटलं. ओठ हलले. हवा गेली. उठायला कोपरावर जोर दिला तर कोपर घसरलं आणि ती परत उशीवर पडली. मग तिला कसली तरी भीती वाटली आणि तिनं श्वास रोखला, हलायचं थांबवलं, रजईखाली अगदी ताठ पडून राहिली. त्या खोलीत जी शांतता पसरली ती तिनं ऐकली, आणि ओळखली. हीच ती रोज चार घरांच्या दारांत उभी राहून ऐकत होती.

बाहेर बादली जमिनीवर टेकली. शेगडीचं लोखंडी दार किरकिरलं. गोवरी मोडल्याचा आवाज, पेंढ्याची सळसळ, मग लोखंडावर वीट घासल्याचा आवाज. दाराच्या फटीतून झोहरेला घागऱ्याची ओली किनार दिसली, बर्फानं पांढरे झालेले लोकरी बूट, आणि कमरेशी हलणाऱ्या किल्ल्या. चेहरा दिसला नाही. ती बाई आतल्या खोलीच्या दाराशी आली, थांबली. तिनं दार लोटलं नाही. ते लोटायचं नसतं, काम तेवढंच असतं.

मग ती गेली. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला. झोहरेच्या दाराला कुलूप लागून कित्येक वर्षं झाली होती.

ती भिंत धरून उठली. किल्ल्यांची खुंटी रिकामी होती.

७

इद्रिसची गाडी वर येताना ऐकू आली तेव्हा ती दाराशीच बसून होती. आता तिला बुर्सा हवं होतं. सातवा मजला, सून, दुसऱ्यांच्या खिडक्या, सगळं. गाय विकली तरी चालेल. कुणीतरी तिला नावानं हाक मारून इथून न्यावं, एवढंच हवं होतं.

"मावशी!" इद्रिस दारापाशी आला. "मावशी, पीठ आणलंय. फोन का केला नाहीस गं? पोरगा काळजीत आहे तुझा."

तिनं दोन्ही तळहात दारावर मारले. दाराला आतून थंडीसाठी जाड घोंगडं ठोकलेलं होतं. तिचेच हात, तिचेच खिळे. हात घोंगड्यात रुतले. तोंडातून हवा गेली.

बाहेर कुलूप खुळखुळलं. "कुलूप?" इद्रिस स्वतःशीच म्हणाला. मग दोन पावलं मागे सरकला असावा. "शेगडी तर पेटलेली आहे. म्हणजे फेरीवर गेली."

बर्फात त्याची पावलं दूर गेली. झोहरे सरपटत खिडकीशी पोचली. प्लास्टिकमधून सगळं दुधातून पाहावं तसं दिसत होतं. इद्रिस मशिदीच्या पायऱ्यांशी उभा होता, नाझमियेच्या अंगणाकडे तोंड करून. तो बोलत होता. मग तो हसला, खांदे उडवून, कुणी बापावरून टोमणा मारला की हसायचा तसा. गोणी त्यानं भिंतीच्या कोपऱ्याशी ठेवली. खिशातून फोन काढला, कानाला लावून दोन शब्द बोलला आणि कोपऱ्यापलीकडे पुढे केला.

कोपऱ्याआडून एक हात आला आणि फोन घेऊन गेला.

झोहरेनं खिडकीवर मूठ आपटली. प्लास्टिक हललं, काचेवर दव होतं ते थोडं ओघळलं. इद्रिस बुटावरचा बर्फ पायरीवर घासत होता. त्यानं वर पाहिलं, तिच्या छपराकडे, धुराकडे, समाधानानं. पलीकडचं बोलणं लांबलं. आई लेकराशी जेवलास का, पोरं कशी आहेत, असं सगळं विचारते तेवढं लांबलं.

मग हातानं फोन परत दिला. इद्रिस मोठ्यानं बोलायचा, तालुक्यातले सगळे फोनवर तसंच बोलतात, म्हणून काचेतूनही ऐकू आलं.

"ऐकलंस ना यावुझ? मी म्हटलं नव्हतं? ... हां, आवाज बसलाय जरा, थंडी आहे, बाकी काही नाही. ... अरे, विचारलं मी, येतेस का खाली म्हणून. तिचं तेच. इथंच बरी आहे म्हणते."

गाडी वळली. तिचा आवाज वळणापर्यंत गेला, तिथं क्षणभर थांबला, धुराडी मोजण्यापुरता, आणि नदीकडे उतरला.

झोहरे शेगडीपाशी आली आणि तिनं दोन्ही हात लोखंडावर टेकवले. आतला पेंढा चांगला ओला होता, वीट बरोबर जागेवर होती. धूर दुपारपर्यंत टिकणार होता. आत पेंढा धुमसत होता, तरी तिच्या हातांना लोखंड गार लागत होतं.